डिफरन्शियलमधला भुसा

रविवारी सकाळी साडेनऊला मी धनकवडीत माझ्या घरासमोर पिकअपखाली उताणा पडलो होतो. पाठीखाली गोणपाट आणि हाताशी तेल धरायला पत्र्याचा कापलेला डबा. डिफरन्शियलचा खालचा प्लग काढला आणि तेल पडायला लागलं. जुनं तेल काळं असतं, त्याला गंधकासारखा घाण वास येतो. वास तोच होता. पण तेल धारेने पडत नव्हतं, रव्याच्या खिरीसारखं थबकत थबकत पडत होतं. मी चिमटीत घेऊन चोळलं. लाकडाचा भुसा होता.

"झालं का? पोहे गार होतायत," बायको दारातून म्हणाली.

मी काही बोललो नाही. तेव्हा ती चप्पल घालून बाहेर आली. आमच्या घरात मी गप्प बसणं ही काळजी करण्यासारखी गोष्ट आहे.

ज्यांनी गाडीचं पोट कधी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मागच्या दोन चाकांच्या मधोमध भोपळ्याएवढा एक लोखंडी गोळा असतो. तो डिफरन्शियल. इंजिनाची ताकद त्यात येते आणि दोन्ही चाकांना वाटली जाते. वळणावर बाहेरचं चाक जास्त फिरतं आणि आतलं कमी, तो हिशोब हा गोळा सांभाळतो. आत दोन मोठी दातेरी चाकं एकमेकांत अडकून फिरतात. एक क्राउन, दुसरं पिनियन. दाते झिजले की गाडी पळताना मागून "हूंऽऽ" असा आवाज येतो. जोडी बदलणं हाच त्यावर उपाय. पण गाडी विकायचीच असेल तर बाजारात दुसरा उपाय आहे. जाड तेल भरायचं आणि त्यात दोन मुठी भुसा टाकायचा. आवाज दबतो. गिऱ्हाईक खूश होऊन गाडी घेऊन जातं. काही आठवड्यांनी भुशाचा लगदा होतो, तेल बेअरिंगपर्यंत पोहोचत नाही आणि एक दिवस मागची चाकं चालत्या गाडीत जागच्या जागी धरली जातात.

यातलं काहीच मला नवीन नव्हतं. मी असल्या गाड्या पकडण्यात नाव कमावलेला माणूस होतो. आणि ही गाडी मला रशीदभाईंनी विकली होती.

रशीदभाई माझे उस्ताद. नाना पेठेत त्यांचं गॅरेज होतं. मी मंडईत डोक्यावर पाटी वाहायचो तेव्हा त्यांच्या गॅरेजच्या पायरीवर बसून भाकरी खायचो. त्यातून ओळख झाली. पाटीची हातगाडी झाली, हातगाडीचा टेम्पो झाला. तो टेम्पो रशीदभाईंनी शोधून दिला होता. जुनी गाडी कशी बघायची हे त्यांनी मला शिकवलं. भाव कसा पाडायचा हे मला कोणाला शिकवावं लागलं नाही.

त्यांचा कान हा नाना पेठेतला चर्चेचा विषय होता. इंजिन चालू करून त्यावर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मिनिटाभरात सांगायचे, तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह. उघडून बघितलं की तिसऱ्याचाच. डिफरन्शियलसाठी ते गाडीत मागे बसायचे. शांत डिफरन्शियल आणि तोंड दाबलेलं डिफरन्शियल यांतला फरक त्यांना कळायचा. मला कधीच कळला नाही.

"तुझे कान कच्चे आहेत, दत्तू," ते म्हणायचे. "तू बोट घाल."

म्हणजे असं. डिफरन्शियलला दोन प्लग असतात. वरचा तेल भरायचा, खालचा सोडायचा. गाडी घेण्याआधी वरचा उघडून आत बोट घालायचं. तेल बोटाला लागतं. ते चोळून बघितलं की जाड तेल, भुसा, लोखंडाचा कीस, सगळं कळतं. मी वीस वर्षांत बोट घातल्याशिवाय एकही गाडी घेतली नाही. विकणारे वैतागायचे. एक जण म्हणाला होता, "अहो, गाडी घेताय की म्हैस?"

ही गाडी मात्र मी बोट न घालता घेतली.

त्याचं कारण हिंजवडी. तिकडे तेव्हा निम्मे रस्ते कच्चे होते आणि काचेच्या इमारती रोज एक मजला चढत होत्या. त्यातल्या एका कॉम्प्युटर कंपनीत गोदामातून माल पोहोचवायचं कॉन्ट्रॅक्ट मी मिळवलं होतं. मंडईचा माणूस असल्या कंपनीच्या लिफ्टमध्ये पहिल्यांदाच चढला होता. ॲडमिनचे साहेब माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान होते.

"थ्री व्हेइकल्स," ते म्हणाले. "मंडे, आठ वाजता गेटवर रिपोर्टिंग. एक जरी कमी आली तरी कॉन्ट्रॅक्ट दुसऱ्या पार्टीला."

"आणि लवकर आली तर?"

"तर गेटबाहेर थांबेल."

माझ्याकडे पिकअप दोनच होत्या. रशीदभाई वर्षाला एखादी जुनी गाडी घ्यायचे, दुरुस्त करायचे आणि विकायचे. त्या आठवड्यात त्यांच्याकडे एक पिकअप उभी होती, पुण्याबाहेरच्या कुठल्यातरी पार्टीकडून आणलेली. आम्ही ती खडकवासल्याच्या रस्त्याला फिरवून आणली. रशीदभाई मागे बसले, डोळे मिटून. परतल्यावर म्हणाले, "मी ऐकून घेतलीये. डिफरन्शियल एकदम गप्प आहे."

मी वाकलो होतो, पाना हातात होता. त्यांच्या कानाने पास केलेल्या गाडीत मी बोट घालायचं म्हणजे त्यांच्या तोंडावर अविश्वास दाखवायचा. मी पाना खाली ठेवला. भाव मात्र सोडला नाही. तीन दिवस घासाघीस केली. शेवटी ते म्हणाले, "घे बाबा. तुझ्याशी बोलून घसा बसला." मी खुशीत गाडी घरी आणली.

जुनी गाडी घेतली की तिचं सगळं तेल घरी स्वतःच्या हाताने बदलायचं आणि मगच कामाला लावायची, हा माझा नियम. तो मी पाळत होतो. गाडी किलोमीटरभर फिरवून तेल कोमट केलं. सपाट जागेवर उभी केली. वरचा प्लग आधी उघडला. नवखे लोक खालचा आधी उघडतात, सगळं तेल सोडून देतात आणि मग वरचा गंजलेला निघतो. गाडी अंगणात कोरडी पडून राहते. मी तसा नवखा नव्हतो. खालचा प्लग नंतर काढला आणि त्यातून भुसा आला.

पोहे तसेच राहिले. प्लग लावले, हाताशी होतं ते तेल भरलं आणि तो डबा शेजारच्या सीटवर ठेवून पिकअप हळूहळू नाना पेठेत नेली.

रविवार असला तरी गॅरेज दुपारपर्यंत उघडं असायचं. चार गिऱ्हाइकं उभी होती. रेडिओ मोठ्याने चालला होता. रशीदभाई एका जीपच्या बॉनेटमध्ये वाकले होते. स्क्रू ड्रायव्हरची मूठ त्यांनी कानाला लावली नव्हती, दातांत धरली होती. हल्ली एक-दोन वर्षं ते असंच करायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्याने नवीन स्टाइल काढली.

मी डबा त्यांच्यासमोर आपटला. "हे काय आहे?"

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "काय?"

"हे काय आहे विचारतोय!"

त्यांनी डब्यात बोट बुडवलं. चोळलं. वास घेतला. मग पुन्हा बुडवलं. त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, चोरी पकडली गेली.

मी किती वेळ ओरडलो ते आठवत नाही. काय ओरडलो ते आठवतं. उद्या आठ वाजता माझी गाडी गेटवर नसली तर माझं काय होईल हे ओरडलो. ज्याच्या पायरीवर भाकरी खाल्ली त्याने माझा गळा कापला, हे ओरडलो. शेवटी म्हणालो, "चोर आहात तुम्ही!" समोरच्या सायकलवाल्याने दुकानातून डोकं बाहेर काढलं.

रशीदभाईंनी आधी त्या चार गिऱ्हाइकांकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "हो. टाकला भुसा. बोट का नाही घातलंस?"

"तुमची गाडी होती म्हणून!"

"भाव पाडताना माझी नव्हती?"

उत्तर नसलं की माझा आवाज आणखी वाढतो. तो वाढायच्या आत त्यांनी हात पुढे केला. "चावी दे. सकाळी सातला ये."

सोमवारी सातला गाडी तयार होती. रात्रीत क्राउन-पिनियन मिळणं शक्यच नव्हतं. मी आजूबाजूला बघितलं. रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांना मदत करायला रशीदभाई स्वतःची एक पिकअप वापरायचे, त्याच मेकची. ती कोपऱ्यात दगडांवर चढवलेली होती, मागचं पोट रिकामं. आपल्या गाडीतली जोडी काढून त्यांनी माझ्या गाडीत बसवली होती. मी म्हणालो, "बरं झालं, तुमचं तुम्हीच भरलंत." ते पाठमोरे पाने पुसत राहिले. मला तो उद्धटपणा वाटला.

आठला पाच कमी असताना माझ्या तीन गाड्या गेटवर होत्या. कॉन्ट्रॅक्ट टिकलं. तिनाच्या पाच झाल्या, पाचाच्या आठ. आणि त्या दोन वर्षांत मार्केट यार्डापासून मंडईपर्यंत मी प्रत्येकाला सांगितलं, की रशीदभाईंनी मला भुसा विकला. लोक हसायचे. मी न हसता पुन्हा सांगायचो. गॅरेजवरून जाताना ती दगडांवरची पिकअप तशीच उभी दिसायची. मी मान वळवून पुढे जायचो.

मग एक दिवस त्याच कंपनीच्या गेटवर मागून हाक आली, "दत्ताकाका ना?"

रशीदभाईंची मुलगी नसरीन. गळ्यात कंपनीचं कार्ड. तिला मी शाळेच्या फ्रॉकमध्ये पाहिलं होतं.

"तू इथे कशी?"

"सपोर्टला आहे. अमेरिकेतले लोक फोन करतात. दिवसभर कानाला हेडफोन."

"छान. आणि अब्बा? त्यांच्याकडचा भुसा संपला की आहे अजून?"

हे बोलायला नको होतं. पण दोन वर्षं तोंडात घोळवलेलं वाक्य होतं, ते बाहेर पडलं. नसरीनने माझ्याकडे बघितलं आणि मला बाजूला, उभ्या गाड्यांच्या मागे नेलं.

"काका, अब्बांना ऐकू येत नाही."

"काय ऐकू येत नाही?"

"काहीच. आधी डावा कान गेला, मग उजवा. तुमच्या गाडीच्या वेळेला जवळजवळ सगळंच गेलं होतं. डॉक्टरांनी मशीन दिलंय. घरी लावतात. गॅरेजला निघाले की काढून खिशात ठेवतात. गिऱ्हाइकाच्या नजरेला पडलं तर?"

मला तो दातांत धरलेला स्क्रू ड्रायव्हर आठवला. कान गेला की हाडातून थोडं ऐकू येतं, हे मला नंतर कळलं.

"ती गाडी त्यांनी बाहेरच्या पार्टीकडून नेहमीसारखी ऐकून घेतली," नसरीन म्हणाली. "त्यांना वाटलं, डिफरन्शियल गप्प आहे. त्यांना सगळ्याच गाड्या गप्प वाटत होत्या."

"मग हो का म्हणाले? भुसा टाकला, असं चार लोकांसमोर म्हणाले ते!"

"मी पण हेच विचारलं. म्हणाले, चोर मिस्त्रीकडे लोक घासाघीस करून का होईना, जातात. बहिऱ्या मिस्त्रीकडे कोण जाईल?"

"अगं पण मला सांगायचं ना! मला एकट्याला!" मी ओरडलो. गेटवरचा वॉचमन वळून बघायला लागला.

"बघा," नसरीन म्हणाली. "म्हणूनच."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नाना पेठेत गेलो. पायरीवर बसलो. रशीदभाई ब्रेकचे लायनर घासत होते. तीन गिऱ्हाइकं होती. मी दोन वर्षांनी आलोय हे त्यांनी पाहिलं आणि घासत राहिले.

माफी मागायची एवढंच ठरवून गेलो होतो. कशी मागायची याचा विचार केला नव्हता. हळू बोललो तर त्यांना ऐकू येणार नव्हतं. मोठ्याने बोललो तर तिन्ही गिऱ्हाइकांना ऐकू जाणार होतं. रशीदभाईंनी भुसा टाकला नव्हता, असं मी ओरडून सांगितलं असतं तर पहिल्याने विचारलं असतं, मग त्यांना भुसा कळला कसा नाही? त्याचं एकच उत्तर होतं. म्हणजे मी त्यांच्यावर ठेवलेला आळ काढायचा तर त्यांचं गॅरेज बंद पाडायला लागणार होतं. आयुष्यभर मी सौदे केले. इतका वाईट सौदा माझ्यापुढे कधी आला नव्हता.

मी ओठ हलवून, आवाज न काढता म्हणालो, "चुकलं माझं."

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. एक गिऱ्हाईक म्हणालं, "काय म्हणालात?"

"तुम्हाला नाही," मी म्हणालो. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "रशीदभाई, डिफरन्शियलचं तेल बदलायचंय. गाडी इथे आणू का?"

त्यांनी लायनरवर फुंकर मारली. "घरी बदलतोस ना? घरीच बदल. येतं तुला."

माझं आधीचं, बिनआवाजाचं वाक्य त्यांना कळलं की नाही, मला माहीत नाही. ओठ वाचायची त्यांना सवय झाली असणार. पण सवय असली तरी माणूस नजर वळवू शकतो.

रविवारी मी तीच पिकअप घरासमोर उभी केली. दोन वर्षं मी तिचं डिफरन्शियल उघडलं नव्हतं, हेही सांगून टाकतो. रागाने. वरचा प्लग निघेना. पान्याला पाइप लावून जोर दिला तेव्हा कुठे हलला. रशीदभाईंनी बसवलेला, नव्या तांब्याच्या वॉशरसकट. खालचा काढला. तेल एका धारेत पडलं, काळसर, मोकळं. प्लगच्या टोकाला लोहचुंबक असतं, झिजेचा कीस त्याला चिकटतो. नखावर मावेल एवढासुद्धा कीस नव्हता. स्वतःच्या गाडीतली जोडी काढून, रात्रभर बसून, कानाने न ऐकता या माणसाने दात्याला दाता असा जुळवला होता, की हिंजवडीचा टन-दीड टन माल रोज वाहून काही झिजलं नव्हतं.

मी डबा घेऊन पुन्हा नाना पेठेत गेलो. त्याच जागी, पण या वेळी हळूच, त्यांच्यासमोर ठेवला.

गिऱ्हाईक होतंच. "काय आहे हो?"

हे मला मोठ्याने सांगता येत होतं. "तेल आहे," मी म्हणालो, समोरच्या सायकलवाल्यालाही ऐकू जाईल असं. "यांनी बसवलेल्या डिफरन्शियलचं. दोन वर्षांचं. या, बोट घालून बघा. एक कण दाखवा."

रशीदभाईंनी बोट बुडवलं. चोळलं. वास घेतला. फडक्याला हात पुसला.

"अजून वर्षभर चाललं असतं," ते म्हणाले. "उगाच बदललंस."

त्यांनी त्या दिवशी चहा मागवला. एकच. तो मला दिला.

पुढच्या वर्षी त्यांनी गॅरेज बंद केलं. मागून रिव्हर्स येणारी गाडी त्यांना कळली नाही. लागलं नाही फार, पण गल्लीने पाहिलं आणि गल्लीला कळलं. दगडांवरची पिकअप मी विकत मागितली. भाव त्यांनी सांगितला तोच दिला. ते म्हणाले, "आजारी आहेस का?" त्यानंतर तीनेक वर्षांनी ते गेले. कबरीवर माती टाकताना माझ्या शेजारी तो सायकलवाला होता. मला म्हणाला, "भुशाचं काहीही असो, माणूस कसबी हाताचा होता." सांगायला आता कोणाची आडकाठी नव्हती, पण मी वाकून आणखी एक मूठ माती उचलली.

हे नसरीनला विचारून लिहिलं. ती म्हणाली, "लिहा. पण चोर नव्हते एवढं लिहा. बहिरे होते ते लिहिलंत तरी चालेल."

माझी तक्रार अजून गेलेली नाही. त्यांनी मला सांगायला हवं होतं. वीस वर्षांहून जास्त ओळख होती. मी तोंड बंद ठेवलं असतं, असं मी स्वतःला बऱ्याचदा सांगतो.

बाकी शिकण्यासारखं एवढंच. वरचा प्लग आधी उघडा. गाडी कोणाचीही असो, बोट घाला. आणि वाईट निघालं तर विकणाऱ्याशी बोलायला जाताना डबा घरी ठेवून जा.